गाजरासाठी दोन फूट

"येत्या हंगामापासून आमच्या घरात भाजी विकत यायची नाही. एक पानसुद्धा नाही!"

तक्रारवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीत हे जाहीर केलं, तेव्हा पाणीपुरवठा कचेरीतल्या सगळ्यांनी डब्यातून मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डब्यात घातली. तक्रारवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही. लोक आधी हसतात आणि मग पिशवी घेऊन भाजी मागायला येतात, असं त्यांचं मत होतं.

तक्रारवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. बावीस वर्षं ते कचेरीच्या तक्रारखिडकीत बसत होते. कुणाचा नळ गेला, कुणाचा गळायला लागला, कुणाच्या नळातून नुसतीच हवा आली, की लोक त्या खिडकीशी येऊन भांडत. हे शांतपणे वहीत लिहून घेत आणि म्हणत, "नोंदवली आहे." त्यामुळे गल्लीतही त्यांना सगळे तक्रारवालेच म्हणायचे. घरी बायको 'अहो' म्हणे. त्या 'अहो'चा अर्थ मात्र दर वेळी आवाजाच्या पट्टीवरून लावावा लागे.

बागेची आखणी कागदावर तर अशी झाली होती, की बघत राहावं! घरामागे कपडे वाळत घालायची जागा होती, पंधरा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद. तिच्यात त्यांनी चौकटीच्या कागदावर चार वाफे बसवले. टोमॅटो लाल पेन्सिलीने, वांगी जांभळ्या, काकडी-पालक हिरव्या आणि गाजरं नारिंगी. शिवाय एक वही. वहीत रकाने: बी पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, शेरा. पालकाच्या पुढे शेरा आधीच लिहून टाकला होता, 'उत्तम'.

बायकोने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "यात माझी कपड्यांची दोरी कुठाय?"

"ती उत्तरेला सरकवली आहे."

"उत्तरेला हेडबाईंची भिंत आहे."

"भिंतीच्या अगदी अलीकडे."

"भिंतीला चिकटलेल्या दोरीवर कपडे वाळणार कसे?"

"सावकाश!"

बायकोने कागद खाली ठेवला. तेवढ्यात तिची नजर नारिंगी चौकोनावर गेली. "आणि हे काय? खोली दोन फूट?"

"गाजरांचा वाफा. गाजराला दोन फूट माती भुसभुशीत लागते. मूळ सरळ खाली जातं. पुस्तकात आहे."

दारात बसून तक्रारवाल्यांची आई शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वीतभर गाजराला दोन फूट कशाला रे? उरलेल्यात काय उंदीर राहायला येणार आहेत?"

"आई, कुठलंही काम करायचं तर पद्धतशीर करावं."

"फूटभर खण, खत घाल आणि गप बस."

पण तक्रारवाले गप बसणाऱ्यांतले नव्हते. शनिवारी त्यांनी शेणखताची दोन पोती आणली, खिडकीत कागदी पेल्यांत वाढवलेली टोमॅटोची रोपं उन्हाला काढून ठेवली आणि कुदळ हातात घेतली. बावीस वर्षं ज्या हातांनी लेखणीपलीकडे काही उचललं नव्हतं, त्या हातांना संध्याकाळपर्यंत सात फोड आले. तीन वाफे मात्र झाले. रविवारी सकाळी सात वाजता ते गाजरांकडे वळले.

दीड फुटावर कुदळ खणकन अडली.

"दगड!" तक्रारवाले म्हणाले.

दुसरा एखादा असता तर गाजरांना दीड फुटात भागवून घ्या म्हणाला असता. यांनी भिंतीवरून हेडबाईंना हाक मारली आणि पहार मागून घेतली. हेडबाई म्हणजे शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं शाळा चालवली आणि आता सगळी गल्ली चालवतात. त्यांनी पहार दिली आणि वर सूचनाही दिली, "पाठीत वाकू नका. गुडघ्यात वाका."

तक्रारवाले गुडघ्यात वाकले. एक घाव, दोन घाव. तिसऱ्या घावाला खालून 'फुस्स' झालं आणि हातभर उंच पाण्याची धार उसळून थेट त्यांच्या चष्म्यावर आली.

"अगं ए! धाव लवकर! झरा लागला!"

आता कुणी म्हणेल, पाण्याच्या कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये? पण तक्रारवाल्यांनी पाइप पाहिलेला होता तो नकाशावर, निळ्या शाईची सरळ रेघ म्हणून. जमिनीखाली तो गंजतो, त्याच्यावर मातीची पुटं चढतात आणि तो हुबेहूब दगडासारखा दिसतो, हे त्यांना कधी कुणी दाखवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, घरच्या अंगणात झरा लागलाय असं एकदा मनाने घेतल्यावर पाइप कुणाला आठवतो?

बायको आली. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि वास घेतला. "वास ओळखीचा वाटतोय."

"खनिजं असतात जमिनीत."

"न्हाणीघरात येतो तसा वाटतोय."

"तीच खनिजं!"

आईने पेलाभर पाणी मागवलं, दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. "नळाचं आहे."

"आई, जन्मभर नळाचं पिऊन तुझी जीभच तशी झालीय!"

आईने पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

तेवढ्यात भिंतीवरून हेडबाईंचं डोकं वर आलं. "तक्रारवाले! नळ गेला! रोज दहापर्यंत असतो, आज आठलाच गेला. काय चाललंय काय तुमच्या कचेरीत?"

तक्रारवाले सवयीने म्हणाले, "आज रविवार आहे, बाई. उद्या खिडकीवर येऊन नोंदवा." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की विचारू नका. "पण बाई, नळ हवाय कशाला? बादली घेऊन या!"

अर्ध्या तासात अख्खी गल्ली घरामागे लोटली. कुणाच्याच नळाला टिपूस नव्हता आणि इथे तर पाणी नुसतं उसळत होतं! शिंपी दोन कळश्या घेऊन आला. समोरची आजारी म्हातारी नातवाच्या हातात तांब्या देऊन स्वतः बघायला आली. हेडबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत रांग लावली, सहाव्या मिनिटाला मधे घुसणाऱ्या एकाला मागे पाठवलं आणि सातव्या मिनिटाला छोटंसं भाषण केलं. भाषणात त्यांनी तक्रारवाल्यांना 'आपल्या गल्लीचं भूषण' म्हटलं. तक्रारवाल्यांना आयुष्यात भूषण असं कुणी म्हटलं नव्हतं. खिडकीवर लोक म्हणत असत ते शब्द निराळे होते.

"माणसाने कचेरीच्या भरवशावर राहूच नये," ओल्या चष्म्यातून सगळ्यांकडे पाहत तक्रारवाले म्हणाले. "जमीन सगळं देते. विचारणारा पाहिजे!"

दहा वाजले आणि झरा थांबला.

हळूहळू आटला असं नव्हे. कुणीतरी चावी फिरवावी तसा एकदम थांबला. शिंप्याची दुसरी कळशी अर्धीच राहिली. आतल्या भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके सगळ्यांना ऐकू आले. तक्रारवाल्यांनी ते मोजले. दहा. वरची गल्ली, सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी पाच ते सात. हे वेळापत्रक ते स्वतः टाइप करत, खाली मोठ्या साहेबांची सही घेत आणि कचेरीच्या दाराला चिकटवत. दर सहा महिन्यांनी. बावीस वर्षं!

भर पाण्यात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

"झरा आटला की काय?" शिंपी म्हणाला.

"नाही, नाही," तक्रारवाले म्हणाले. "विश्रांती घेतोय."

"मग परत कधी येईल?"

"पाचला."

तोंडातून निघून गेलं! हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"जमिनीला कान लावला की… अंदाज येतो."

पाच वाजता सगळी गल्ली पुन्हा हजर होती. हेडबाईंच्या हातात घड्याळ होतं. पाचला खळखळ झाली, थोडी हवा आली आणि मग धार हातभर वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपी तर आपल्या अंगणात पालथा पडून जमिनीला कान लावून आला. त्याला काही ऐकू आलं नाही. तक्रारवाल्यांबद्दलचा त्याचा आदर आणखी वाढला.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली. "अहो." पट्टी एकदम खालची होती.

तक्रारवाले उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. "तुला कळलंय वाटतं."

"मला सकाळीच कळलं होतं. तुम्हाला कधी कळतंय ते बघत होते. उद्या गेल्या गेल्या साहेबांना सांगा."

"सांगतो."

सांगायचा त्यांचा विचार पक्का होता. पण सोमवारी कचेरीत पोचले, तर खिडकीशी ही गर्दी! खालच्या भागातल्या एकाही घराला थेंब नव्हता. धोबी आला, केशकर्तनालयवाला आला, दवाखान्याची झाडलोट करणारी बाई आली. तक्रारवाले प्रत्येकाची तक्रार लिहून घेत होते आणि प्रत्येक ओळीगणिक त्यांचं अक्षर बारीक होत होतं. मोठ्या साहेबांनी आतून हुकूम सोडला, "कुठेतरी पाइप फुटलाय. फिटरला सांगा, शोधून काढ!"

फिटर खिडकीत येऊन उभा राहिला. पाइपांच्या बाबतीत त्याचं नाक कुत्र्यासारखं होतं, पण वरून हुकूम आल्याशिवाय तो फावडं उचलत नसे. "कुठे खणू, साहेब?"

हीच वेळ होती. तक्रारवाल्यांनी तोंड उघडलं. आतून साहेबांचा आवाज येत होता, "ज्याने कुणी फोडलाय त्याची मी गय करणार नाही!" तक्रारवाल्यांनी तोंड मिटलं, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चौकात बघ."

फिटरने दुपारपर्यंत चौक खणला. पाइप ठणठणीत! परत आला. "आता कुठे?"

"मग… बेकरीसमोर."

बेकरीसमोरही चांगला छातीएवढा खड्डा झाला. पाइप कोरडा, पण धडधाकट.

मंगळवारी मोठे साहेब वही चाळत खिडकीमागे येऊन उभे राहिले. "अहो, हे बघा. चोवीस तक्रारी, सगळीकडच्या. पण एका गल्लीतून एकही नाही. ही तुमचीच ना?"

"हो, साहेब. लोक समाधानी आहेत."

"आपल्या कचेरीवर?" साहेबांना ते खरं वाटेना.

कोपऱ्यात चहा पीत बसलेला फिटर म्हणाला, "त्यांना नळच नको झालेत, साहेब. यांच्या घरामागे झरा लागलाय म्हणतात. सगळी गल्ली भागते त्याच्यावर."

मोठे साहेब खुर्ची ओढून बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते तक्रारवाल्यांना स्पष्ट दिसलं. "आणि हे तुम्ही आम्हाला सांगत नाही? एवढं पाणी आहे, तर तो झरा आपण पाइपला जोडू! खालच्या भागाचा प्रश्नच मिटला! मी बघायला येतो."

"तीन वाजता या, साहेब," तक्रारवाले घाईघाईने म्हणाले. तीनला झरा झोपलेला असतो. कोरडा खड्डा बघून साहेब परत जातील, एवढीच एक आशा होती.

"तीनला बैठक आहे. पाचला येतो."

पावणेपाचला साहेबांची गाडी गल्लीत शिरली. मागून फिटर सायकलवरून आला. घरामागे हेडबाईंनी जमिनीवर खडूने रांगेचे आकडे घातले होते. बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. आईने आपली खुर्ची बाहेर आणून चांगली जागा धरली होती.

साहेबांनी खड्ड्यात डोकावलं. "पाणी कुठाय?"

"दोन मिनिटं आहेत अजून," हेडबाई घड्याळ बघत म्हणाल्या. "वेळेला पक्का आहे."

"कोण?"

"झरा."

आणि तो आला. खळखळ, हवा, धार! साहेब थक्क झाले. फिटरने मात्र खाली वाकून नाकपुड्या फुगवल्या, एकदा वास घेतला आणि तक्रारवाल्यांकडे पाहिलं. नुसता बघत राहिला. तो एक शब्द बोलला असता तर बरं, असं तक्रारवाल्यांना वाटलं.

"इथून पाइप टाकायचा," साहेब हात पसरून सांगू लागले, "सरळ खाली चौकापर्यंत, तिथून बेकरीवरून…"

बेकरीचं नाव निघालं आणि गर्दीतून वाट काढत बेकरीवाली बाईच पुढे आली. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या, कपाळावर घाम. ती नवऱ्यामागे एकटीने बेकरी चालवायची आणि आवाज चढवून बोलताना तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"दादा," ती तक्रारवाल्यांना म्हणाली, "तुमच्या झऱ्याचं दोन बादल्या द्याल का? दोन दिवस पीठ मळलेलं नाही. दारात हा एवढा खड्डा आहे, त्याच्यावर फळी टाकून आले. आज सकाळी दवाखान्यातून पावाला माणूस आला, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. भट्टी विझू दिली मी, दादा. लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा विझली."

तिने बादल्या पुढे केल्या. तक्रारवाल्यांनी त्या घेतल्या आणि धारेखाली धरल्या. भरलेल्या बादल्या तिच्या पायाशी ठेवून ते सरळ उभे राहिले.

"साहेब, पाइप टाकायची गरज नाही."

"का?"

"तो आहे."

"कुठे?"

"आत. मी फोडलाय."

साहेबांना कळेना. "कसला पाइप? हा तर झरा आहे!"

"हा झरा सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात येतो, साहेब," तक्रारवाले म्हणाले. "खाली तुमची सही आहे."

मग फिटर मटकन खतावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही पाच ते सातच्या वेळेत.

"मी म्हटलंच होतं," आई म्हणाली. "नळाचं आहे."

हेडबाईंनी घड्याळ पिशवीत टाकलं. "म्हणजे जमिनीला कान लावून…?" शिंपी एवढंच म्हणाला आणि गुडघ्यावरची माती झटकत मागे सरकला. मोठे साहेब लाल झाले, पांढरे झाले, काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्या आधी बेकरीवाली बोलली.

"मग माझ्या दारात खणायला कुणी सांगितलं?"

"मीच," तक्रारवाले म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. "चुकलं माझं. घाबरलो."

तिने बादल्या उचलल्या. "उद्या तो खड्डा तुम्ही बुजवायचा, दादा. माणूस पाठवायचा नाही. तुम्ही."

"मीच येतो."

फिटर चावी बंद करून आला आणि त्याने काम हाती घेतलं. जुना पाइप, घरं व्हायच्या आधीचा. दुरुस्त करायचा तर दोन्ही बाजूंना चार-चार फूट उकरावं लागणार होतं. त्याने उकरलं. टोमॅटो गेले, वांगी गेली, काकडी-पालक गेले, शेणखताची दोन्ही पोती मातीच्या ढिगाखाली दिसेनाशी झाली. निघताना फिटर म्हणाला, "या पाइपच्या आसपास पंधरा फूट आता काही लावू नका, साहेब." तक्रारवाल्यांनी डोळ्यांनीच अंतर मोजलं. एका बाजूला पाच पावलं, दुसऱ्या बाजूला भिंत; बागेला वीतभरही जागा उरत नव्हती. बायकोने त्याच संध्याकाळी दोरी पुन्हा मूळ जागी बांधली.

बुधवारी पहाटेच तक्रारवाले फावडं घेऊन बेकरीसमोर गेले आणि कचेरीची वेळ होईपर्यंत खड्डा बुजवत राहिले. बेकरीवाली आतून बघत होती. भट्टीतून धूर निघायला लागल्यावर तिने बाहेर येऊन एक गरम पाव त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "कडेला अजून थोडी माती लागेल." तक्रारवाल्यांनी कडेला अजून थोडी माती घातली.

गल्लीतल्या नळांना पाणी आलं. लोक दोन दिवस तक्रारवाल्यांशी नीट बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलायला लागले. हेडबाईंचं मात्र अजून ठाम मत आहे, की काहीही म्हणा, झऱ्याचं पाणी हलकं होतं, डाळ लवकर शिजायची.

कचेरीत मोठ्या साहेबांनी त्यांना समोर उभं करून पाऊण तास सुनावलं आणि शेवटी म्हणाले, "आता नियमाप्रमाणे घरमालकाला नोटीस काढा."

"कुठल्या घरमालकाला, साहेब?"

"तुम्हाला!"

तक्रारवाले आपल्या टेबलाशी गेले. नोटीस लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. कोरा कागद घेतला, मन लावून मजकूर केला, टाइप केला, साहेबांची सही घेतली, जावक क्रमांक घातला आणि नोटीस फिटरच्या हाती बजावायला दिली. आपल्या कामात घरचं-बाहेरचं असा भेद करायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं.

संध्याकाळी घरी आले, तेव्हा बायको लिफाफा फोडून दारातच बसली होती.

"अहो, हे कचेरीतून आलंय. मी सही करून घेतलं. ऐका." आणि तिने वाचायला सुरुवात केली. "'उपरोक्त विषयान्वये सदर इसमास सूचित करण्यात येते की, उपनिर्दिष्ट जागेतील विनापरवाना उत्खननाबाबतचा खुलासा विहित नमुन्यात व विहित मुदतीत सादर न केल्यास, तो केला नसल्याचे गृहीत धरण्यात येऊन, केला असल्यास त्याप्रमाणे अन्यथा अनुषंगिक कार्यवाही अनुसरण्यात येईल.' म्हणजे आपण नक्की करायचं काय?"

तक्रारवाल्यांनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि एकदा वाचला. मग खिडकीशी उजेडात जाऊन पुन्हा वाचला. मग ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत तिसऱ्यांदा वाचला.

"लिहिलंय कुणी एवढं?" आईने विचारलं.

"मी."

"मग सांग की तिला!"

तक्रारवाल्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"उद्या खिडकीवर विचारून सांगतो," ते म्हणाले.